फोन घरी ठेवून निघायचं, तर स्मार्टवॉच पुरतं का?

पहाटफेरी

सकाळचं फिरणं, पळणं किंवा पोहणं धरून साधारण दीड तास. तेवढ्या वेळात फोन खिशात नको, कमरेला नको, दंडाला तर नकोच. अपेक्षा मोजक्या आहेत. घरून तातडीचा फोन आला तर घेता यावा, पडझड झाली तर मदत मागता यावी, गाणी ऐकता यावीत आणि येताना दूध-पाव घेता यावा. दुकानात 'कॉलिंग वॉच' दीड-दोन हजारांपासून दिसतात आणि 'सेल्युलर' त्याच्या कितीतरी पट महाग. दोन्हींच्या जाहिरातीत माणूस मनगटाशी बोलताना दाखवतात. फरक नक्की कशात आहे? आणि सत्तरीच्या पुढच्या माणसांच्या हातात यातलं काय द्यावं? नीट माहिती असणाऱ्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

रेडिओलहर

आधी तो कॉलिंगचा घोळ मिटवू. स्वस्त कॉलिंग वॉच म्हणजे मनगटावर बांधलेला ब्लूटूथ स्पीकर आणि माइक. कॉल फोनवरच येतो, घड्याळ फक्त आवाज पोचवतं. फोन घरी राहिला आणि तुम्ही सोसायटीच्या फाटकाबाहेर पडलात की ते मुकं होतं.

ओळखायची सोपी खूण सांगतो. खोकं उलटं करून १५ अंकी आयएमईआय क्रमांक छापलाय का ते बघा. मोबाइल नेटवर्कचा स्वतःचा रेडिओ असलेल्या प्रत्येक यंत्राला तो असतो. नुसत्या ब्लूटूथ घड्याळाला नसतो. विक्रेता काहीही म्हणो, आयएमईआय नसेल तर ते फोनशिवाय कॉल करणार नाही.

स्वतःचा रेडिओ असलेल्यांत पुन्हा दोन जाती. एक, ई-सिमवाली (सिम आतच बसवलेलं, वेगळं कार्ड नाही): अ‍ॅपलची सेल्युलर आणि सॅमसंगची एलटीई, म्हणजे ४जी घड्याळं. अ‍ॅपलने २०१७ साली सिरीज ३ मध्ये हे प्रथम आणलं आणि भारतात २०१८ मध्ये जिओ व एअरटेलवर सुरू झालं. यात फोनचाच नंबर घड्याळावरही चालतो, दोन्ही एकदम वाजतात, घड्याळावरून केलेला कॉल समोरच्याला तुमच्या नेहमीच्याच नंबरवरून दिसतो. दुसरी जात म्हणजे नॅनो सिम घालायची खाच असलेली. तिला वेगळा नंबर लागतो.

चौकसबाई

ई-सिम सुरू करायला दुकानात जावं लागतं का? आणि फोन एका कंपनीचा, घड्याळ दुसऱ्या कंपनीवर, असं चालेल का?

रेडिओलहर

@चौकसबाई, नाही चालत. एकच नंबर दोन्हीकडे हवा तर कंपनी एकच हवी. दुकानातही जावं लागत नाही. आयफोनवर वॉच अ‍ॅप उघडा, 'सेल्युलर' मध्ये जाऊन सेट-अप दाबा, मग तुमच्या मोबाइल कंपनीचं पान उघडतं, तिथे लॉग-इन करून ओटीपी द्या. सॅमसंगमध्ये हेच गॅलेक्सी वेअरेबल अ‍ॅपच्या 'मोबाइल प्लॅन' मधून होतं. हे करताना फोन त्याच सिमच्या इंटरनेटवर ठेवा, वायफाय बंद करा. अर्ध्यात अडकणाऱ्या बऱ्याच नोंदण्या वायफाय चालू राहिल्यामुळे अडकतात.

तीन गोष्टी खरेदीआधी विचारून घ्या. तुमच्या प्लॅनवर (प्रीपेड की पोस्टपेड) ही सोय आहे का, तिचा मासिक आकार किती, आणि नंबर ऑफिसच्या नावावर असेल तर मिळते का. नंतर कधी नंबर पोर्ट केलात तर घड्याळाचा प्लॅन काढून नव्या कंपनीवर पुन्हा घ्यावा लागतो. फोन चालू राहतो, त्यामुळे घड्याळ बंद पडलंय हे पुढच्या फेरीपर्यंत कळतही नाही.

सातासमुद्रापार

इथे एक भर. भाचा-भाची अमेरिकेतून येताना त्यांना सेल्युलर घड्याळ आणायला सांगत असाल तर थांबा. प्रत्येक प्रदेशासाठी मॉडेल वेगळं असतं आणि त्यातले एलटीई बँड (वारंवारितेचे पट्टे) वेगळे. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे बँड ५, ३ आणि ४०. एअरटेलचं मुख्यतः बँड १, ३, ८ आणि ४० वर. मॉडेल क्रमांकाचे बँड कंपनीच्या पानावर ताडून पाहा. बँड ३ असेल पण ५ किंवा ८ नसेल, तर मैदानात चालेल आणि इमारतीच्या आत, जिन्यात, तळघरात दगा देईल, कारण भिंती भेदायला कमी वारंवारितेचेच बँड कामाला येतात.

टिळकरोड

मला मुळात ही सगळी उठाठेव अनाठायी वाटते. फोनशिवाय बाहेर पडायचं, तर मग दूध-पाव कशाने घेणार? आता चहाच्या टपरीवरसुद्धा क्यूआरच दिसतो. म्हणजे फोन न्यायचाच. मग घड्याळाला सिम कशाला?

गॅजेटकाका

@टिळकरोड, मुद्दा बिनतोड आहे, आणि घड्याळ घेणाऱ्या बहुतेकांना तो उशिरा कळतो. दुकानातला क्यूआर स्कॅन करायला कॅमेरा लागतो, तो या घड्याळांत नाही. शिवाय यूपीआयची नोंदणी होताना त्या सिमवरून एसएमएस जातो आणि खातं त्या यंत्राला बांधलं जातं. फोनला बांधलेलं खातं घड्याळावर आपोआप उतरत नाही. काही घड्याळांवर स्वतःचा क्यूआर दाखवता येतो, पण तो पैसे घ्यायला, द्यायला नव्हे. अ‍ॅपल पे भारतात नाही.

एनएफसी पट्टी असलेली काही भारतीय घड्याळं मिळतात, त्यांत कार्डासारखं टेकवून पैसे देता येतात. बिनपिनची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपये आहे. पण त्याला समोर कार्ड मशीन हवं. मॉलमध्ये ठीक, कोपऱ्यावरच्या डेअरीत क्यूआरचा स्टिकर असतो, मशीन नसतं.

यावर आज खात्रीचा उपाय एकच, शंभराची नोट. चार घड्या घालून छोट्या झिप पिशवीत, ती पट्ट्याखाली नाही तर चड्डीच्या आतल्या किल्लीच्या खिशात. पट्ट्याखाली ठेवली तर घड्याळ मनगटापासून उचललं जातं आणि नाडीचे आकडे बिघडतात.

चकलीभाजणी

किंवा दूधवाल्याकडे महिन्याचं खातं. कोणत्याही अपडेटशिवाय वर्षानुवर्षं चालतंय. :)

चौकसबाई

बरं, फोन घरी ठेवला. चालू ठेवायचा की बंद केला तरी चालतो?

रेडिओलहर

याचं उत्तर सगळ्यांनी लक्षात ठेवावं, कारण इथेच 'फोनशिवाय' या शब्दाची फसगत आहे. अ‍ॅपलच्या घड्याळात कॉल आणि आयमेसेज थेट येतात. पण साधे एसएमएस आणि इतर कंपन्यांच्या अ‍ॅपच्या सूचना घड्याळापर्यंत यायच्या, तर आयफोन चालू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. जवळ नसला तरी चालतो. म्हणजे तो दादरला चार्जिंगला आणि तुम्ही शिवाजी पार्कला, हे जमतं. पण बॅटरी संपून बंद पडला असेल तर बँकेचा ओटीपी मनगटावर येणार नाही. आपल्याकडे निम्मी कामं ओटीपीवर अडलेली, तेव्हा फोन चार्जरला लावूनच निघा.

व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणाल तर वेअर ओएस, म्हणजे गुगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या घड्याळांसाठी (सॅमसंगची याच जातीची) जुलै २०२३ मध्ये स्वतंत्र अ‍ॅप आलं. घड्याळावर आठ अक्षरी कोड दिसतो, तो फोनच्या 'लिंक्ड डिव्हायसेस' मध्ये टाकायचा. मग घड्याळाच्या स्वतःच्या नेटवर व्हॉइस मेसेज जातो-येतो. मात्र फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप १४ दिवस उघडलंच नाही तर जोडलेली यंत्रं बाहेर फेकली जातात.

धावपटू४२

बॅटरीबद्दल कुणी बोललं नाही. अ‍ॅपल सिरीज ९ च्या ४५ मिमी घड्याळात ३०८ एमएएच, गॅलेक्सी वॉच ६ च्या ४० मिमीत ३०० आणि ४४ मिमीत ४२५. नेहमीच्या फोनमध्ये ५,०००. म्हणजे बारा ते सतरापट लहान बॅटरीवर तोच एलटीई रेडिओ चालवायचा. अ‍ॅपलच्या सिरीज ९ साठीच्या १८ तासांच्या दाव्यात एलटीई फक्त ४ तास धरलेलं आहे, उरलेले १४ तास घड्याळ फोनच्या ब्लूटूथवर. एलटीईवर सलग बोलायचं तर दावाच दीड तासाचा आहे.

बॅटरी खरी खातो तो कमकुवत सिग्नल. टॉवर लांब असला की रेडिओ जास्त ताकद लावून ओरडतो. त्यामुळे सॅमसंगमध्ये मोबाइल नेटवर्क 'ऑटो'वर ठेवा, 'ऑलवेज ऑन'वर नको. ऑटोवर फोनशी संपर्क तुटल्यावरच एलटीई जागं होतं.

पळताना गाणी नेटवरून वाजवू नका. जीपीएस, नाडी, ब्लूटूथ इअरफोन आणि वर एलटीई, हे चारही एकदम म्हणजे बॅटरीचा खुर्दा. आदल्या रात्री गाणी घड्याळात उतरवून ठेवा. स्पॉटिफायला त्यासाठी प्रीमियम लागतं, यूट्यूब म्युझिकलाही. गार्मिनच्या म्युझिक मॉडेलांत स्वतःच्या एमपी३ फायली केबलने टाकता येतात, वर्गणी लागत नाही. जुनी नाट्यगीतं-भावगीतं फायलींत जपलेली आहेत त्यांना हेच सोयीचं. अ‍ॅपलमध्ये गाणी उतरायला घड्याळ चार्जरवर आणि फोन शेजारी ठेवा, नाहीतर तासभर 'वेटिंग' दिसत राहतं.

आणि जीपीएसला तर सिम लागतच नाही. ज्याला वाटेत कॉल नकोच आहेत अशा पळणाऱ्याने सेल्युलरचे पैसे देऊ नयेत.

सह्यभ्रमर

धावपटूंना दुजोरा, एक पुरवणी. घड्याळ बरेच दिवस फोनला जोडलंच नाही तर जीपीएस पकडायला वेळ लागतो. उपग्रह पुढचे काही दिवस कुठे असतील याची तयार फाइल घड्याळाला फोनकडून मिळते, ती शिळी झाली की घड्याळ थेट उपग्रहांकडून माहिती उतरवतं. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. म्हणून निघण्याआधी एकदा सिंक करा, आणि मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर स्थिर उभे राहून मगच 'स्टार्ट' दाबा. चालत चालत दाबलं की पहिला अर्धा किलोमीटर नकाशावर शेजारच्या इमारतींतून जातो.

सह्याद्रीत मात्र सेल्युलर घड्याळावर विसंबू नका. घळीत, नाळेत, दाट झाडीत नेटवर्क नसतंच, घड्याळ ते शोधत राहतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं. गड चढायला लागलात की विमान मोडवर टाका, जीपीएस तरीही चालतं (एकदा घरी तपासून घ्या). वाटेची जीपीएक्स फाइल आधी उतरवून ठेवा. कोकणकड्यासारख्या उभ्या कातळाजवळ सिग्नल परावर्तित होऊन आलेख सैरभैर होतो. एल१ आणि एल५ अशा दोन पट्ट्यांवर चालणारी घड्याळं तिथे बरीच सरळ रेघ काढतात.

टिळकरोड

उंचीचा आकडा मात्र दर वेळी वेगळा येतो. तो का?

सह्यभ्रमर

उंची हवेच्या दाबावरून मोजतात. दाब १ हेक्टोपास्कल उतरला की घड्याळ समजतं तुम्ही आठ-नऊ मीटर चढलात. पावसाळी ढग आले, दाब ४-५ ने पडला, की तंबूत झोपलेल्या माणसाचीही उंची ४० मीटरने वाढते. उपाय म्हणजे माहीत असलेल्या ठिकाणी आकडा हाताने बसवणं. कळसूबाईच्या माथ्यावर १,६४६ मीटर टाका आणि उतरायला लागा. दुसरं कारण, घड्याळाच्या कडेला दाबमापकाचं बारीक छिद्र असतं, त्यात घाम, चिखल किंवा सनस्क्रीन बसतं. गोड्या पाण्याखाली धरा, टाचणी घालू नका. आतला पडदा फाटला की घड्याळाची पाणीरोधकता गेली.

लाटांवरून

पोहणाऱ्यांसाठी: पाण्याखाली ना एलटीई चालत, ना जीपीएस. रेडिओ लहरी काही सेंटिमीटरमध्येच विरतात. तलावात घड्याळ हाताच्या झटक्यांवरून फेऱ्या मोजतं, म्हणून तलावाची लांबी (२५ की ५० मीटर) आधी बरोबर भरा. समुद्रात हात वर येतो तेवढ्या क्षणात ते जीपीएस पकडतं. बाहेर आल्यावर आवाज घोगरा येतो, कारण स्पीकरच्या जाळीत पाणी असतं. 'वॉटर लॉक' बंद केला की घड्याळ आवाज करून ते बाहेर फेकतं. खारं पाणी असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा.

सातासमुद्रापार

नेटवर्क नसलेल्या डोंगरात उपग्रहावरून संदेश पाठवणारी घड्याळंही निघाली आहेत. ती चालतील का सह्याद्रीत?

रेडिओलहर

अजिबात आणू नका. उपग्रहावरून बोलणारी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदेशीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असा हातात मावणारा संदेशक सामानात सापडला म्हणून एका परदेशी पाहुणीला ताब्यात घेतलं होतं. अ‍ॅपल अल्ट्रा ३ मध्ये उपग्रहाची सोय आहे, पण ती सेवा भारतात सुरू नाही. ट्रेकला जाताना वाट आणि परतायची वेळ पायथ्याच्या गावात सांगून जाणं, हे आजही सगळ्यात भरवशाचं.

शाळेचीघंटा

विषय निघालाच आहे तर मुलांच्या सिमवाल्या घड्याळांबद्दल. ऑनलाइन स्वस्तात मिळतात त्यातली कितीतरी फक्त २जी असतात. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे जिओचं सिम घातलं की नेटवर्कच दिसत नाही आणि लोक घड्याळ खराब म्हणून परत पाठवतात. ४जी लिहिलेल्यातही व्होल्टी (४जीवरूनच कॉल करायची सोय) आहे का ते विचारा. नसेल तर जिओवर लोकेशन येईल, कॉल जाणार नाही. नेट चालत नसेल तर एपीएन (कंपनीच्या नेटला जोडणारं नाव) हाताने भरावा लागतो. जिओचा 'जिओनेट', इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

आणि हे कळकळीने सांगते, पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला. यातली अनेक घड्याळं एसएमएसने दिलेल्या आज्ञा पाळतात आणि कारखान्यातून १२३४५६ हाच पासवर्ड घेऊन येतात. नंबर माहीत असलेला कोणीही मूल कुठे आहे ते विचारू शकतो. बदलता येत नसेल तर ते घड्याळ मुलाच्या हातात देऊ नका.

पहाटफेरी

सगळ्यांचे मनापासून आभार. कॉल, गाणी, दूध-पाव कळलं. ज्येष्ठांचं राहिलं.

आधारकाठी

ज्येष्ठांसाठी या घड्याळाचा सगळ्यात मोठा उपयोग पडण्याची नोंद हाच, आणि तिथे अर्धवट सेटिंग धोक्याचं. अ‍ॅपलमध्ये वय ५५ वा जास्त भरलं तर 'फॉल डिटेक्शन' आपोआप चालू होतं. नातवाने आयडी बनवताना जन्मसाल घाईत चुकीचं टाकलं असेल तर ते बंदच राहतं. जोरात पडल्यावर घड्याळ टकटक करतं, साधारण मिनिटभर हालचाल दिसली नाही तर आपत्कालीन सेवेला कॉल लावतं आणि नंतर ठरवलेल्या नातेवाइकांना ठिकाण कळवतं. त्यासाठी 'रिस्ट डिटेक्शन' (घड्याळ मनगटावर आहे हे ओळखणं) चालू हवं, नाहीतर कॉल आपोआप लागत नाही. मेडिकल आयडीत निदान दोन नंबर भरा, त्यातला एक शेजाऱ्यांचा. मुलगा बंगळुरूला असेल तर त्याच्याआधी शेजारी पोचतील. खुर्चीवरून हळूच घसरून पडलेलं घड्याळाला कळेलच असं नाही. म्हणून बाजूची कळ दाबून धरून ११२ कसा लागतो ते शिकवा. सॅमसंगमध्ये आणीबाणीचे नंबर स्वतः भरावे लागतात, 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' मध्ये.

चार्जिंगची वेळ ठरवून द्या. रात्री काढून ठेवायची सवय नको, कारण म्हातारपणी रात्री बाथरूमला जाताना पडण्याचा धोका असतो. संध्याकाळी मालिकेच्या वेळी पाऊण तास पुरतो. सिरीज ७ पासून पुढची घड्याळं जलद चार्जरवर पाऊण तासात ८० टक्क्यांवर जातात. चार्जरची चकती टीव्हीच्या शेजारीच चिकटवून टाका. आंघोळीला घड्याळ काढावं, साबणाने रबरी सील खराब होतं. पण बाथरूममध्येच हाताशी ठेवावं.

चौकसबाई

वडिलांकडे साधा बटणांचा फोन असेल तर?

आधारकाठी

मग सॅमसंग नको, त्याला अँड्रॉइड फोनची जोडणी लागते (आणि वॉच ४ पासून पुढची आयफोनला जोडतच नाहीत). अ‍ॅपलचं सेल्युलर घड्याळ घरातल्या दुसऱ्याच्या आयफोनवरून कुटुंबासाठी लावता येतं, सिरीज ४ पासून पुढचं किंवा एसई. त्याला नंबर वेगळा मिळतो. पण ही सोय मुळात मुलांसाठी म्हणून विकतात आणि प्रत्येक मोबाइल कंपनी देत नाही, तेव्हा आधी कंपनीला नाव घेऊन विचारा. नंबर वेगळा असला की जुन्या नंबरवरचे कॉल वळवायचा प्रश्न येतो. १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# ची सोय बंद आहे, कंपनीच्या ग्राहकसेवेकडून करून घ्यावं लागतं.

पहाटफेरी

समजा आणलं. पहिल्याच दिवशी ते खरंच फोनशिवाय चालतंय हे घरबसल्या कसं तपासायचं? रस्त्यावर पोचल्यावर कळायला नको.

रेडिओलहर

परत करायची मुदत संपायच्या आत हे कराच. आयफोनवर ब्लूटूथ सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा. वरून ओढलेल्या पडद्यातलं बटण दाबून उपयोग नाही, त्याने घड्याळ जोडलेलंच राहतं. मग घड्याळाच्या सेटिंग्जमध्ये वायफाय बंद करा, नाहीतर ते घरच्या राउटरवरून चालेल आणि तुम्हाला वाटेल सिम चालू आहे. आता घड्याळाचा कंट्रोल सेंटर उघडा. हिरवं फोनचं चिन्ह दिसतंय म्हणजे अजून फोनशी जोडलेलं आहे. ते जाऊन सेल्युलरचं बटण हिरवं झालं, त्यावर सिग्नल दिसला, की घड्याळ स्वतःच्या रेडिओवर आलं.

मग दुसऱ्या फोनवरून कॉल लावा. दोन्ही वाजायला हवेत. घड्याळावर उचला आणि दोन मिनिटं बोला, कारण वाजतं पण आवाज एकाच बाजूने येतो अशी गडबड लगेच पहिल्या वाक्यात कळत नाही. त्यानंतर कुणाला तरी साधा एसएमएस पाठवायला सांगा. हेच सगळं एकदा जिन्यात आणि एकदा पार्किंगमध्ये करा. झालं की ब्लूटूथ परत चालू करायला विसरू नका, नाहीतर दुपारपर्यंत घड्याळ एलटीईवरच राहील आणि संध्याकाळच्या फेरीला बॅटरी उरणार नाही.